हातात आलेला कागद कोणता? अटक, वॉरंट आणि आरोप यांविषयी

पोलीस आणि कोर्ट हे विषय निघाले की आपल्या घरांत आवाज खाली जातो. लग्न, शाळा, नोकरी, गणपती यांवर आपण मोकळेपणी बोलतो. पण शेजारच्या मुलाला पोलिसांनी नेले एवढे कानावर आले की दारे लोटून कुजबुज सुरू होते. कुजबुजीतून माहिती मिळत नाही, भय मात्र मिळते. आणि भयाच्या पोटी माणूस करू नये तेच करतो. आलेले समन्स फडताळात दडवून ठेवतो, न समजलेल्या जबानीवर सही करतो, किंवा ज्याच्यावर अजून काहीच शाबीत झालेले नाही त्याच्या घरी जाणे-येणे बंद करतो.

म्हणून या आठवड्यात आम्ही हा विषय उघडपणे मांडायचे ठरविले आहे. वाचकांना वकील बनविण्याचा आमचा हेतू नाही. आपल्या मॉरिशसमध्ये माणसाला अटक कशी होते, वॉरंट म्हणजे काय, आणि आरोप कोणत्या पायऱ्यांनी पुढे जातो, एवढे साध्या मराठीत सांगावे असा बेत आहे. सगळ्याचे सार एका वाक्यात सांगता येईल. हातात आलेला कागद कोणता ते आधी ओळखा, आणि मग त्याला उत्तर द्या.

पूर्वजांच्या खिशातला कागद

कागद आणि पोलीस यांचे नाते आपल्या लोकांना नवे नाही. मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जुन्या आप्रवासींची दप्तरे जपून ठेवलेली आहेत. आपल्या पणजोबांचा नंबर शोधायला अनेक कुटुंबे तेथे जातात. त्या काळी हा नंबर म्हणजे माणसाची ओळख होती. 1867 च्या मजूर कायद्याने तर मळ्यावरचा करार संपवून मोकळ्या झालेल्या जुन्या आप्रवासींनाही फोटो लावलेले तिकीट जवळ बाळगण्याची सक्ती केली. तिकीट आणि पोलिसांचा पास अंगावर नसेल, तर माणूस ‘व्हॅग्रंट’ म्हणजे भटक्या ठरे. वाटेत कोणीही शिपाई त्याला थांबवी. घरी तिकीट आहे, आणून दाखवितो, असे म्हणून सुटका होत नसे. ग्रँड रिव्हर नॉर्थ वेस्ट येथील व्हॅग्रंट डेपोत असे कितीतरी लोक डांबले गेले.

1871 साली आदॉल्फ द प्लेव्हित्झ या गृहस्थांनी जुन्या आप्रवासींच्या वतीने अर्ज तयार केला. त्यावर 9,401 जणांनी सह्या-अंगठे केले. त्यानंतर 1872 मध्ये शाही चौकशी आयोग बेटावर आला आणि 1875 मध्ये त्याचा अहवाल बाहेर पडला. त्या काळी होणाऱ्या छळाला सरकारी दप्तरात जागा मिळाली ती अशी.

हा इतिहास येथे काढण्याचे कारण आहे. त्या काळात आपण निर्दोष आहोत हे दाखविण्याचा भार रस्त्याने चालणाऱ्या मजुरावर होता. 12 मार्च 1968 रोजी देश स्वतंत्र झाला आणि राज्यघटना लागू झाली, तेव्हा हा भार दुसऱ्या बाजूला गेला. आज अटक करणाऱ्याने कारण सांगायचे असते, आणि आरोप करणाऱ्याने तो सिद्ध करायचा असतो. पूर्वजांना जे मिळाले नाही ते आपल्याला मिळाले आहे. पण माहीतच नसलेला हक्क पेटीत कुलूपबंद ठेवलेल्या दागिन्यासारखा असतो. वेळेला उपयोगी पडत नाही.

समन्स वेगळे, वॉरंट वेगळे

समन्स म्हणजे कोर्टाचे बोलावणे. अमुक तारखेला, अमुक वाजता, अमुक कोर्टात हजर राहा, एवढेच त्यात असते. तुम्ही आरोपी असाल किंवा नुसते साक्षीदार. कागद नीट वाचल्याशिवाय ते कळणार नाही. कासकावेलला घडलेल्या गोष्टीचे समन्स बहुधा ब्लॅक रिव्हर जिल्ह्याच्या, म्हणजे बांबू गावच्या कोर्टातून येईल. महेबूरच्या बाजूला काही घडले तर ग्रां पोर जिल्ह्याच्या कोर्टातून. समन्स आले म्हणजे कोणी गुन्हेगार ठरला असे मुळीच नाही.

वॉरंट, ज्याला आपण क्रिओलमध्ये ‘मांदा’ म्हणतो, तो मॅजिस्ट्रेटचा हुकूम असतो. अटकेच्या वॉरंटमध्ये माणसाचे नाव आणि कारण दिलेले असते, आणि त्याला पकडून कोर्टापुढे आणावे अशी पोलिसांना आज्ञा असते. पोलिसाला असे वॉरंट आपल्या मनाने लिहिता येत नाही. गुन्ह्याची माहिती शपथेवर लेखी द्यावी लागते आणि मॅजिस्ट्रेटची खात्री पटावी लागते. हा पोलिसांवरचा पहिला लगाम.

वॉरंटचा आणखी एक प्रकार आहे, आणि साध्यासुध्या घरांवर हाच जास्त वेळा येतो. कोर्टाने बोलाविले आणि माणूस गेलाच नाही, तर मॅजिस्ट्रेट त्याला धरून आणण्याचा हुकूम काढू शकतो. समजा, एखाद्या तरुणाला मोटारसायकलच्या एखाद्या बारीकशा गुन्ह्याबद्दल समन्स निघाले. मधल्या काळात कुटुंबाने घर बदलले, किंवा आजीने कागद घेतला आणि विसरून गेली. तारीख टळली. पुढे एके दिवशी रस्त्यावर पोलीस लायसन्स तपासतात आणि त्याच्या नावाचे वॉरंट निघते. मूळ गुन्हा थोड्या दंडाचा, पण रात्र मात्र पोलीस स्टेशनात. अशा वेळी पळापळ करू नये. वॉरंट असल्याचे कळताच वकिलाला घेऊन स्वतःहून कोर्टात हजर व्हावे आणि गैरहजेरीचे खरे कारण सांगावे. आपण होऊन आलेला माणूस आणि पकडून आणलेला माणूस यांत मॅजिस्ट्रेट फरक करतोच.

झडतीचे वॉरंट आणि अटकेचे वॉरंट हेही दोन निराळे कागद आहेत. घराची झडती घ्यायला आलेल्यांकडे झडतीचा कागद आहे का, त्यावर पत्ता आपलाच आहे का, हे शांतपणे पाहण्याचा तुम्हाला अधिकार आहे. राज्यघटनेचे 9 वे कलम घराच्या खासगीपणाचे रक्षण करते. मात्र काही कायद्यांखाली, विशेषतः अमली पदार्थांच्या बाबतीत, पोलिसांना काही परिस्थितींत कागदाशिवायही आत येता येते. तेव्हा दारात अडवणूक करू नये. कोण आले, केव्हा आले, काय नेले, हे लिहून ठेवावे.

वॉरंट नसताना अटक होते का?

होते. किंबहुना बऱ्याच अटका अशाच होतात. राज्यघटनेच्या 5 व्या कलमात म्हटल्याप्रमाणे, एखाद्याने गुन्हा केला आहे किंवा तो करण्याच्या बेतात आहे असा रास्त संशय असेल, तर त्याला अटक करता येते. यात ‘रास्त’ हा शब्द महत्त्वाचा. कोणीतरी निनावी फोन केला, किंवा चेहरा आवडला नाही, एवढ्यावर रास्त संशय उभा राहत नाही. त्यामागे काहीतरी दाखविता येण्याजोगे असावे लागते, आणि पुढे कोर्ट त्याची विचारणा करू शकते. बेकायदा अटक झाली असे ठरले तर भरपाई मागण्याचा हक्कही त्याच कलमात दिलेला आहे.

अटक झाली की तीन गोष्टी मिळाल्याच पाहिजेत. पहिली, अटकेचे कारण, आणि तेही माणसाला समजेल अशा भाषेत, शक्य तितक्या लवकर. दुसरी, आपल्या पसंतीच्या वकिलाशी बोलण्याची सोय. तिसरी, विनाकारण उशीर न लावता कोर्टापुढे हजर करणे. शनिवार-रविवारी अटक झाली तर सोमवारपर्यंत वाट पाहावी लागू नये म्हणून सुट्टीच्या दिवशी बसणारे जामीन व रिमांड कोर्टही आता आहे.

पोलीस स्टेशनात

येथेच आपली माणसे सर्वांत जास्त गोंधळतात. संशयित माणसाला प्रश्न विचारण्यापूर्वी पोलिसांनी ताकीद द्यायची असते: बोलणे तुमच्यावर बंधनकारक नाही, पण जे बोलाल ते लिहून घेतले जाईल आणि पुराव्यात वापरता येईल. गप्प राहण्याचा हा हक्क म्हणजे पळवाट नव्हे. आपल्याच तोंडून आपल्याला दोषी ठरवून घेण्याची सक्ती कोणावर होऊ नये, या जुन्या तत्त्वावर तो उभा आहे.

जबानी लिहून झाली की ती वाचून घ्यावी. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगावी. आपल्या घरांतील म्हाताऱ्या माणसांना क्रिओल उत्तम येते, भोजपुरीही येते. पण इंग्रजी किंवा कागदी फ्रेंच येतेच असे नाही. समजले नाही असे म्हणण्यात लाज कसली? ‘साहेब सांगतात तर करून टाकू सही’ असे म्हणून उमटविलेला अंगठा दोन वर्षांनी कोर्टात आपल्यासमोर येऊन उभा राहतो. चूक दिसली तर ती दुरुस्त करायला सांगावी, आणि सही मगच करावी.

वकील परवडत नसेल त्याच्यासाठी कायदेशीर मदतीचा कायदा आहे. सुरुवातीला ही मदत खटल्यापुरती होती. 2012 मधील दुरुस्तीनंतर पोलीस चौकशीच्या वेळचा सल्लाही तिच्यात आला. उत्पन्नाची अट असते. कोर्टाच्या कचेरीत चौकशी करावी. पोलिसांनी मारहाण किंवा गैरवर्तन केल्याची तक्रार असेल, तर 2016 च्या कायद्याने स्थापन झालेला स्वतंत्र पोलीस तक्रार आयोग आहे. मार लागला असेल तर डॉक्टरचा दाखला त्याच दिवशी घ्यावा. आठवड्याने घेतलेल्या दाखल्याला वजन राहत नाही.

‘शार्ज प्रोव्हिझ्वार’ म्हणजे काय?

वर्तमानपत्रात रोज वाचायला मिळणारा हा शब्द. अमक्यावर प्रोव्हिजनल चार्ज ठेवला, असे वाचले की अर्धे गाव निकाल देऊन मोकळे होते. वास्तविक हा पुरता आरोप नसतोच. तपास अजून चालू असतो. पोलिसांनी माणसाला धरले आहे, संशय अमुक गुन्ह्याचा आहे, एवढे मॅजिस्ट्रेटपुढे मांडणारा तो तात्पुरता कागद असतो. म्हणून त्या वेळी आरोपीला ‘गुन्हा कबूल आहे की नाही’ असे विचारलेही जात नाही.

मग त्याचा उपयोग काय? 1989 साली आपल्या सुप्रीम कोर्टाने तो स्पष्ट केला. माणूस नुसता पोलिसांच्या मर्जीवर कोठडीत राहू नये, त्याच्या अटकेवर न्यायाधीशाची नजर असावी, आणि त्याला जामिनावर सोडायचे की नाही हे न्यायाधीशाने ठरवावे, यासाठी हा कागद. म्हणजे जो कागद वाचून आपण माणसाला दोषी समजतो, तो मुळात त्याच्या रक्षणासाठी निघालेला आहे!

पण नाण्याला दुसरी बाजूही आहे. हा तात्पुरता आरोप कधी कधी महिनोन्महिने, वर्षानुवर्षे लोंबकळत राहतो. मधल्या काळात देश सोडण्यास हरकत घेतलेली असते. जहाजावर नोकरी धरलेल्या मुलाचे जाणे हुकते, पुण्या-मुंबईला शिकायला निघालेल्या मुलीची जागा जाते. आधी धरायचे आणि पुरावा मग शोधायचा, अशी सवय त्यामुळे लागते, अशी टीका वकीलवर्गातून फार वर्षे होत आली आहे. ती अनाठायी नाही. तपास रेंगाळला असेल, तर हा आरोप काढून टाकावा असा अर्ज वकिलामार्फत कोर्टात करता येतो, हे लक्षात ठेवावे. तो काढला गेला म्हणजे निर्दोष सुटका झाली असे मात्र नाही. पुढे पुरावा मिळाला तर रीतसर आरोप येऊ शकतो.

जामीन आणि जामीनदार

जामीन, म्हणजे आपल्या बोलीतला ‘कोसियों’. पैसे भरून गुन्हा मिटवितात, असा एक गैरसमज आहे. जामिनाने काहीही मिटत नाही. मी तारखेला हजर राहीन, या वचनाला दिलेले ते तारण असते. 1999 च्या जामीन कायद्याप्रमाणे साधारण नियम सुटकेचा आहे. माणूस पळून जाईल, नवा गुन्हा करील, साक्षीदारांना धमकावील किंवा पुरावा नाहीसा करील, असे मानायला सबळ कारण असेल तरच जामीन नाकारायचा. आरोप गंभीर आहे, एवढे एकच कारण पुरेसे नाही, असे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने 2005 साली मॉरिशसच्याच एका प्रकरणात सांगितले.

याविषयी एक लढाई लक्षात ठेवण्यासारखी आहे. अमली पदार्थांच्या गुन्ह्यांत जामीनच देऊ नये असा कायदा 1986 मध्ये झाला आणि त्याच साली सुप्रीम कोर्टाने तो घटनेविरुद्ध ठरविला. 1994 मध्ये संसदेने राज्यघटनाच बदलून ती बंदी पुन्हा आणली. 2006 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तीही रद्द केली. मॉरिशस हे लोकशाही राज्य आहे असे घटनेचे पहिलेच कलम सांगते. आणि लोकशाहीत माणसाला कोठडीत ठेवायचे की नाही हे न्यायाधीशाने ठरवायचे असते. त्याच्या हातून तो अधिकार काढून घेता येत नाही, असा त्याचा आशय. अमली पदार्थांच्या व्यापाऱ्यांविषयी आमच्या मनात काडीचीही दया नाही; त्यांनी किती घरे उद्ध्वस्त केली हे आपण पाहतो आहोत. पण ज्याला पकडले तोच व्यापारी होता की नाही, हे खटल्याआधी कोणाला ठाऊक असते?

जामीनदार राहणाऱ्यांनी मात्र विचार करावा. भाच्यासाठी मामा सही करतो, ती प्रेमाने. पण भाचा तारखेला गेला नाही तर मामाचे पैसे जप्त होऊ शकतात. जामिनाबरोबर अटीही येतात: ठरलेल्या पत्त्यावर राहणे, पोलीस स्टेशनात हजेरी, रात्री घराबाहेर न पडणे, पासपोर्ट जमा करणे. अटी मोडणे हा वेगळा गुन्हा होतो. मूळ आरोपातून सुटलेला माणूसही त्यात अडकू शकतो.

पुरता आरोप आणि खटला

तपास संपला की फाईल डायरेक्टर ऑफ पब्लिक प्रॉसिक्युशन्सकडे जाते. घटनेच्या 72 व्या कलमाने हे पद निर्माण झाले आहे. खटला भरायचा, चालू खटला हाती घ्यायचा किंवा थांबवायचा, हे तेथे ठरते, आणि त्यात मंत्र्याचा किंवा पोलीस कमिशनरचा हुकूम चालत नाही. पुरावा अपुरा असेल तर प्रकरण तेथेच संपते. पुरेसा असेल तर रीतसर आरोप लेखी दाखल होतो. त्याला ‘इन्फर्मेशन’ म्हणतात. आरोपीला पहिल्यांदा ‘कबूल की नाकबूल’ हे विचारले जाते ते या पायरीवर.

1838 पासून चालत आलेला आपला फौजदारी कायदा फ्रेंच वळणाचा आहे. त्यात गुन्ह्यांच्या तीन प्रती आहेत: ‘क्रिम’ म्हणजे भारी, ‘देली’ म्हणजे मधला आणि ‘कॉन्त्राव्हांसियों’ म्हणजे किरकोळ. त्याप्रमाणे खटला जिल्हा कोर्टात, पोर्ट लुईच्या इंटरमीडिएट कोर्टात किंवा सुप्रीम कोर्टात चालतो. खुनासारख्या खटल्यात 9 पंचांची ज्युरी बसते. कोर्ट कोणतेही असो, 10 व्या कलमाचे नियम तेच: दोष सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष, आरोपाचा तपशील समजेल अशा भाषेत, बचावाची तयारी करण्यास पुरेसा वेळ, आणि कोर्टाची भाषा येत नसेल तर दुभाषी, तोही फुकट. एकदा निर्दोष सुटलेल्यावर त्याच गुन्ह्याचा खटला पुन्हा चालत नाही. निकाल पटला नाही तर वरच्या कोर्टात अपील आहे, पण त्याची मुदत थोडी असते. निकालाच्या दिवशीच वकिलाला ती विचारून घ्यावी.

मुलांविषयीही दोन शब्द. 2020 च्या बाल कायद्याप्रमाणे 14 वर्षांखालील मुलावर फौजदारी गुन्ह्याची जबाबदारी येत नाही, आणि अल्पवयीनांसाठी वेगळे बाल न्यायालय आहे. मुलाला चौकशीला बोलाविले तर आई-वडिलांनी बरोबर जावे. ‘जा, सांगून ये काय ते’ म्हणून एकट्याला पाठवू नये.

आपण काय करावे?

समन्स आले की त्याच दिवशी तारीख कॅलेंडरवर लिहावी. घर बदलले तर नवा पत्ता द्यावा. पोलीस आले तर हुज्जत घालू नये आणि पळू नये. कारण विचारावे, वॉरंट असेल तर दाखवायला सांगावे. वकिलाचा नंबर घरातल्या दोघांना तरी पाठ असावा. सगळे कागद एका पिशवीत, तारखेप्रमाणे लावून ठेवावेत. जामीनदार होण्यापूर्वी अटी वाचून घ्याव्यात. आणि पोलीस स्टेशनातल्या कोणाला ‘काहीतरी देऊन’ प्रकरण मिटवितो म्हणणाऱ्या ओळखीच्या माणसापासून दूर राहावे. त्याने एकाचे दोन गुन्हे होतात.

शेवटची गोष्ट कायद्याच्या पुस्तकात नाही. ज्याच्या घरी पोलीस येऊन गेले, त्या घरातल्या आईला दुसऱ्या दिवशी बाजारात जावे लागते, बहिणीला शाळेत जावे लागते. तात्पुरत्या आरोपाचा कागद वाचून आपण त्यांना वाळीत टाकले, तर कोर्टाने पुढे मुलाला निर्दोष सोडले तरी त्या घराची शिक्षा भोगून झालेली असते. दीडशे वर्षांपूर्वी खिशात तिकीट नाही म्हणून आपल्या माणसांना गुन्हेगार ठरविले गेले, तेव्हा 9,401 लोकांनी एकमेकांच्या नावाखाली नाव घातले होते. आपल्याला तेवढे धाडस करायचे नाही. निकाल लागेपर्यंत जीभ आवरायची, आणि कोर्टाची तारीख असेल त्या दिवशी त्या आईबरोबर जाऊन बसायचे, एवढेच पुरे आहे.